विरजण नसलेलं दुकान

फ्रोझन योगर्टची फ्रँचायझी घ्यायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते आईमुळे. वाघोलीतल्या आमच्या रानात टॉवर उभे राहिले, गोठा गेला, म्हशी विकल्या. वडील आधीच गेले होते. जन्मभर पहाटे उठून धारा काढणारी, अर्ध्या गावाला दुधा-दह्याचा रतीब घालणारी बाई चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसून राहायला लागली. ताट वाढलं की म्हणायची, "भूक न्हाई." मला बघवेना. म्हटलं, खाली गाळा रिकामा आहे, आजूबाजूला कॉलेजं आहेत, दह्याचाच धंदा करू. आई दुकानात बसेल, तिच्या हाताला काम मिळेल. त्यासाठी आयटीतली चांगली नोकरी सोडली मी. काय पण अक्कल!

फ्रँचायझी म्हणजे पैसे आपण घालायचे आणि वर नव्या सुनेसारखं वागायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीचा रंग त्यांचा, गाणी त्यांची, डोक्यावरची टोपी त्यांची. दाराला आंब्याचं तोरण लावलं, तर फोटो बघून लगेच मेसेज आला, "ब्रँडिंगमध्ये बसत नाही." अहो, दुकान माझं का तुमचं? पण हे मी मनातच विचारलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस चव बघायला येणार होता. तो हो म्हणाला तरच शटर उघडायचं. काम सोपं होतं. त्यांची दुधाची पावडर पाण्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी मशीनमध्ये ओतायची. मी कालवून ठेवली. आई म्हणाली, "तू जा वर, मी लादी पुसून येते."

सकाळी तो माणूस आला. मी फ्रिज उघडला, तर आत डबाच नाही. डबा ओट्यावर होता, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. आत दही. सुरीने वड्या पाडाव्यात इतकं घट्ट.

"अगं, इरजण न लावताच गारठ्यात ठेवलं व्हतंस," आई म्हणाली. "असं कुठं दही लागतं का? मी घरी नेऊन कोमट केलं, मग लावलं." तिचा चेहरा असा फुलला होता, जसा मी म्हशी गेल्यापासून पाहिला नव्हता.

"मॅडम, हे कंटॅमिनेशन आहे," तो माणूस म्हणाला. मी म्हटलं, निदान चाखून तरी बघा. त्याने बोटसुद्धा लावलं नाही. सगळा डबा माझ्या आईच्या देखत बेसिनमध्ये ओतायला लावला. वर म्हणाला, "काउंटरच्या आत फक्त ट्रेन्ड स्टाफ. आंटी परत आत दिसल्या तर अप्रूव्हल विसरा."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या गळ्यातला तो कार्डाचा पट्टा ओढावासा वाटला. पण नोकरी सोडून बसले होते. "हो सर," म्हणाले. बेसिन तेवढं घासून स्वच्छ केलं आईने.

नवी पावडर कालवून दिली, त्याने चाखून हो म्हटलं आणि दुकान उघडलं. आई बाहेर फुटपाथवर लाल प्लास्टिकच्या खुर्चीत. पोरी येतात, कपाचे फोटो काढतात. कोणी विचारतं, "उपासाला चालतं का हो?" मी सांगते, "कंपनीला विचारावं लागेल." चेष्टा करते असं वाटतं त्यांना. मी चेष्टा करत नसते.

परवा संध्याकाळी आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई वाटी घेऊन आल्या. "जरा विरजण देता का? आमचं संपलं."

मी मशीनकडे बघितलं. आंबा, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी. "नाहीये हो," म्हटलं.

"दह्याच्या दुकानात विरजण नाही? मग विकता काय?" पुण्यात असा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत.

बाहेरून आईने ऐकलं होतं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि बाईंच्या हातातली वाटी घेतली. "वर चला, माझ्याकडचं देते," म्हणाली. "ह्या लोकांकडं नसतं ते."

दोघी बोलत बोलत लिफ्टकडे गेल्या. किती भरभर चालत होती आई! मी टोपी सारखी केली आणि पुढच्या मुलीला विचारलं, टॉपिंग कुठलं हवंय.