बी बाजूचं सहावं गाणं

दादाच्या घरी एका कपाटात दोनशे बारा कॅसेट आणि एकेचाळीस रेकॉर्डी आहेत. आकडा पक्का आहे, कारण मोजल्या मी. त्याआधी दादा "चारेकशे असतील" म्हणायचा आणि वहिनी "हजार हायत, आणि हजारांवर धूळ हाय" म्हणायची.

वहिनीला ते कपाट हवं होतं. पितळेची भांडी दहा वर्षं पलंगाखाली पोत्यात पडली होती. तिने मला फोन केला. "वन्सं, तुम्ही एकदा यादी करा. यादी झाली की निम्मं तरी टाकतील तुमचे दादा." मी एका दूध डेअरीच्या स्टोअरमध्ये सत्तावीस वर्षं काढली आहेत. तिथे वस्तू वहीत चढवल्याशिवाय मोडीत काढता येत नाही. त्यामुळे मला तिचं पटलं. बुधवारपासून पाच दिवसांची रजा टाकली, मोठी वही घेतली आणि रकाने आखले: क्रमांक, नाव, अवस्था, मूळ कोणाचं, ठेवायचं की टाकायचं.

सगळा घोळ चौथ्या रकान्याने केला.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. उद्यमनगरात चाळीस वर्षं त्याने कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यांचे नमुने, बनवले आणि आता वर्कशॉप देऊन टाकून तो घरी बसला आहे. विशीत असताना त्याला एका इंग्रजी रॉक बँडचं वेड लागलं, ते लागलंच. घरात त्या बँडचं नाव कोणी घेत नाही, नुसतं 'बँड' म्हणतात. नवीन पाहुण्याला वाटतं, कोणाच्या तरी वरातीची बोलणी चालली आहेत. बँडमधले चौघे आता पंचाहत्तरी ओलांडून गेले असतील, पण दादा त्यांच्याबद्दल गल्लीतल्या पोरांसारखा बोलतो. "तेव्हा त्यांची डोकी फिरली होती," असं तो हळहळून सांगतो, जणू भांडण मिटवायला हाच गेला होता.

दर रविवारी ऐकायला त्याचा मित्र येतो. तो गुळाचा व्यापारी. मूळ गडहिंग्लजकडचा, घरात कानडी, बाजारात मराठी आणि दादाच्या दिवाणखान्यात इंग्रजी संगीत. दोघे मिळून बँडवर जे बोलतात ते मी लहानपणापासून ऐकते आहे. बँड थोर आहे, बँडने अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज आणि सोल संगीत 'पचवलं' आहे, आणि हे पचवणं नीट कळणारे कोल्हापूर जिल्ह्यात दोनच लोक आहेत. तिसरा शाहूवाडीला असायचा, पण त्याने मध्येच गझला ऐकायला सुरुवात केली, म्हणून त्याला काढून टाकलं.

मी पहिल्या दिवशी रेकॉर्डी हातात घेतल्या. रेकॉर्डीच्या मधल्या गोल कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, मूळ रचना कोणाची ते छापलेलं असतं. मी भिंग घेतलं आणि चौथा रकाना भरू लागले. बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर बारा गाणी. त्यातली नऊ दुसऱ्याची. दुसऱ्या रेकॉर्डवर सात दुसऱ्याची. सगळी अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या गायकांची. दोन ठिकाणी तर कंसच नव्हता. मी मोबाईलवर शोधलं, तर तीही दुसऱ्याचीच निघाली.

"दादा, यांनी स्वतःचं काय केलंय?" मी विचारलं.

"त्याला संस्कार म्हणतात," दादा म्हणाला. "किराणा दुकानाची यादी नाही ही."

"किराणा दुकानदार निदान माल कुठला ते सांगतो."

"अक्का," त्या आठवड्यात मधल्या वारीही येऊ लागलेले गुळाचे व्यापारी समजुतीने म्हणाले, "उसाचा रस शेतकऱ्याचा असतोय, पण गूळ गुऱ्हाळवाल्याचा म्हनत्यात की न्हाय?"

"आणि शेतकऱ्याला काय देता?"

त्यांनी कपातला चहा ढवळायला घेतला. त्यांच्या धंद्यात या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही.

हे सगळं थट्टेत चाललं होतं, कारण त्या आठवड्यात घरात सगळेच खुशीत होते. दादाला भाषण मिळालं होतं. पेठेतल्या वाचनालयात दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी श्रवणसभा भरते. एरवी नाट्यसंगीत, भावगीतं. यावेळी ठरलेल्या वक्त्यांचा गुडघा दुखावला आणि व्यापाऱ्यांनी मध्ये शब्द टाकून दादाला उभं केलं. चाळीस वर्षं लाकूड तासलेल्या माणसाला "तुम्हाला काय वाटतं ते सांगा" असं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. वहिनीने कुडत्याला तीनदा इस्त्री केली. दादा आरशासमोर 'सन्माननीय रसिकहो' म्हणून बघत होता.

भाषणाचा मुख्य मुद्दा होता सहावं गाणं.

कॅसेट क्रमांक सतरा, बी बाजू. अडतीस वर्षांपूर्वी, मी नववीत असताना, दादाने ती बिंदू चौकाजवळच्या एका दुकानातून भरून आणली. तेव्हा रेकॉर्ड विकत घेणं परवडायचं नाही. दुकानदार आपल्याकडच्या रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून द्यायचे, सोबत नावांची चिठ्ठी. त्या रेकॉर्डवर त्या बाजूला पाच गाणी असल्याचं सारं जग सांगतं. दादाच्या कॅसेटवर सहा आहेत. पाचव्यात बँड नेहमीसारखा आरडाओरडा करतो. मग थोडी शांतता, आणि सहावं सुरू होतं: एकच गिटार, पाय आपटल्याचा ताल, आणि दमलेल्या माणसाचा खोल आवाज. मधूनच काहीतरी कुरकुरतं.

दादाचा सिद्धांत असा: पाचवं आणि सहावं मिळून एकच रचना आहे. पहिल्या भागात गोरा पोरगा काळ्या माणसाची नक्कल करतो, दुसऱ्या भागात तो काळा माणूस होऊनच गातो. ड्रमवाल्याने मुद्दाम सगळे ड्रम सोडून एकच पाय वापरला आहे. ती कुरकुर म्हणजे एक खास तालवाद्य. आणि परदेशातल्या प्रतीवर हे गाणं नाही, कारण भारतात आलेली प्रत वेगळी, दुर्मीळ होती. म्हणजे हे सहावं गाणं जगात फक्त इथे आहे. मंगळवार पेठेत. पितळेच्या भांड्यांच्या जागी.

गुरुवारी मी कॅसेट सतरा लावली आणि मोबाईल समोर धरला. गाणं ऐकवलं की नाव सांगण्याची सोय त्यात असते. दादा मोबाईलवर काही ऐकत नाही. "डब्यातला पांढरा रस्सा," म्हणतो. मोबाईलने पहिली पाच बरोबर सांगितली. सहाव्याला एका अमेरिकन गायकाचं नाव आलं. खाली साल होतं. त्या साली बँडमधली पोरं चड्डीत शाळेला जात असणार.

मी पुन्हा लावून बघितलं. तेच नाव. मग मी कॅसेटच्या डबीतलं कार्ड बाहेर काढलं. पाचव्या गाण्याच्या नावाखाली, सहा आकडा घालून, तेच नाव पुन्हा आणि पुढे 'पार्ट टू'. वळणदार, तिरकं अक्षर. माझं.

सगळं आठवलं. दादाची कार्डं तेव्हा मीच लिहायची, अक्षर चांगलं म्हणून. चिठ्ठीवर नावं पाच होती, कॅसेटवर गाणी सहा वाजत होती. सहावी ओळ रिकामी राहिली असती. माझ्या हातून ओळ रिकामी राहत नाही, तेव्हाही राहत नव्हती. म्हणून वरच्याच नावाला 'पार्ट टू' जोडून मी यादी जुळवली आणि परकर सांभाळत खेळायला गेले. त्यावर दादाने अडतीस वर्षं इमारत बांधली.

गप्प बसले असते तर माझं काही बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं दादाचं. सभेला शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. दादा 'जगात फक्त इथे' म्हणणार आणि पहिल्या रांगेतला कोणीतरी फोन वर करून दाखवणार. आयुष्यातलं पहिलं भाषण तिथेच बसलं असतं.

शुक्रवारी सकाळी चहा देऊन मी सांगितलं. माझ्या अक्षरासकट सांगितलं. दादाने फोनवरचं नाव वाचलं, कार्ड वाचलं, आणि म्हणाला, "मोबाईलला काय कळतंय?"

"मग दुकानदाराला विचारू."

दुकान अजून आहे. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. सून गल्ला सांभाळते आणि म्हातारे दुकानदार दारात स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सल्ले देतात. दादाने कॅसेट पुढे केली. त्यांनी ती कानाशी नेली, हलवली, जणू नारळच.

"माझीच हाय. साठ मिनिटांची. बसा की पावणं."

"यावर शेवटचं गाणं कुठलं घातलंत?" दादाने विचारलं. आवाज जरा चढला होता.

"ती भरती."

"भरती म्हणजे?"

"आता बघा. रेकॉर्डची बाजू पंचवीस मिनिटांची, कॅसेटची बाजू तिसाची. पाच मिनिटं कोरी ऱ्हायली. गिऱ्हाइकानं पैसं पुऱ्या कॅसेटचं दिल्यात. कोरी फीत देऊन मी काय लोकास्नी फसवू व्हय? माझ्याकडं खोक्यात सुटी गाणी असायची. तीन मिनिटांची, चार मिनिटांची, पाचाची. बसंल ते घालायचं. पण एक हाय, इंग्रजीला इंग्रजीच घातलं, लावणीला लावणी. बाकीच्या दुकानातनं भजनाच्या मागं कॅबरे लागायचा. आपल्याकडं न्हाय तसलं काय."

"आणि चिठ्ठीवर का नाही लिहिलं?"

"फुकट दिल्यालं कुठं लिवत्यात?" ते चकित झाले. "मिसळीला रस्सा परत वाढला तर बिलात लावतंय का कोन?"

दादाने कॅसेट परत घेऊन डबीत घातली. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग म्हाताऱ्यांनीच विचारलं, "का वो? गाणं वाईट हुतं काय?"

"नाही," दादा म्हणाला. "सगळ्यात चांगलं तेच होतं."

परत येताना स्कूटरवर तो म्हणाला, "रद्द करून टाकू भाषण. गुडघा दुखतो म्हणून सांगतो."

"तो गुडघा आधीच वापरून झालाय," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी दुखव."

शनिवारभर तो माझी वही घेऊन बसला. चौथा रकाना ओळन् ओळ वाचत होता. मध्येच मोबाईल मागून घेतला, त्या अमेरिकन गायकाची गाणी लावली, डब्यातला रस्सा तासभर मुकाट्याने प्यायला. वहिनीने कपाटाचा विषय काढला तर तिला हाताने गप्प केलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. व्यापारी माझ्या शेजारी, कडक इस्त्रीत. दादा उभा राहिला, 'सन्माननीय रसिकहो' विसरला, आणि सरळ कॅसेट लावली. सहावं गाणं. संपल्यावर म्हणाला, "हा आवाज अडतीस वर्षं मी भलत्याच माणसाचा समजून ऐकला. कौतुक केलं ते भलत्याच माणसाचं." मग त्याने गायकाचं नाव सांगितलं, बँडचं पाचवं गाणं लावलं, आणि कुठली ओळ, कुठला सूर कुठून उचलला आहे ते थांबत थांबत दाखवलं. कंसातली नावं मोठ्याने वाचली. जिथे कंसच नव्हता ते सांगितलं. ज्यांच्या गाण्यांवर दुनिया नाचली त्यांनाच बारीक अक्षरात ठेवलं, म्हणाला. लोक जागचे न हलता ऐकत होते. मला खरोखर अभिमान वाटला.

तो साधारण दोन मिनिटं टिकला.

कारण पुढचं वाक्य होतं, "माझ्या दीर्घ संशोधनातून हे उघडकीला आलं." आणि त्यापुढचं, "ही गफलत का झाली? तर घरातल्या एका शाळकरी मुलीने यादी जुळावी म्हणून मनानेच एक ओळ लिहिली!" सभागृह खदखदून हसलं. व्यापाऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, म्हणजे ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या दुकानदारांना शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवला.

बाहेर चहाला दादा जवळ आला. "अगं, तुझं नाव घ्यायचं राहिलंच."

"राहिलं कुठं? घेतलंस की. चुकीच्या रकान्यात."

"बारीक अक्षरात," तो म्हणाला, आणि त्याला थोडी लाज वाटली असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही, तो बिस्किट खात होता.

सोमवारी रजेचा शेवटचा दिवस. मी कॅसेट सतराचं नवं कार्ड लिहिलं. सहाव्या ओळीवर त्या गायकाचं पूर्ण नाव, कंस न घालता. पाचवा रकाना भरला: ठेवायचं. दोनशे बारांपैकी टाकायच्या निघाल्या चार, आणि त्याही गझलांच्या. वहिनीने पोत्यातलं एक पातेलं काढून जोरात ओट्यावर ठेवलं.

दादाने गाणं पुन्हा लावलं. व्यापारी आलेच होते, वार रविवार नसतानाही. गिटार, पाय, तो आवाज, आणि मग कुरकुर.

"खुर्ची आहे ती," दादा एकदम म्हणाला.

"आं?" व्यापारी.

"लाकडी खुर्ची. पाय आपटतोय ना तो, त्या बाजूला वजन जातं. ऐका." त्याने फीत मागे नेली. डोळे मिटून, वर्कशॉपमध्ये पॅटर्नवर टिचकी मारून ऐकायचा तसं ऐकलं. "मागच्या डाव्या पायाचा सांधा सुटलाय. एक पाचर मारली असती तर बसला असता."

बँडबद्दलसुद्धा इतकं खात्रीचं तो आजवर काही बोलला नव्हता.