नदीकडे तोंड करून

पोळ्याच्या आदल्या दिवशी आर्णीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. माझ्या पंखे-मोटारी दुरुस्तीच्या दुकानासमोर झुली, घुंगरमाळा आणि रंगीत गोंडे विकणाऱ्यांच्या ओळी लागल्या होत्या, आणि त्या गलक्यात यवतमाळहून भाऊजींचा फोन आला. "मधू, रजनी गेली," ते म्हणाले. मी एका कानावर हात ठेवून सहज विचारलं, "कुठी?" कारण पावसाळ्यात माझी ताई 'गेली' असं कोणी म्हटलं, की आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता. गाडी भरून बाया घेतल्या आणि सहस्रकुंडाच्या धबधब्यावर गेली. भाऊजी म्हणाले, "कुठीच नाही बापा... घरीच हाय. सकाळी उठली नाही."

आता सोयाबीन सोंगणीला आलं आहे. लोक भेटायला येऊन गेले, दिवस झाले, आणि आता कुठे मला तिच्याबद्दल सलग काही आठवता येतं.

आम्ही मूळचे बोरी अरबचे. ताई माझ्याहून बरीच मोठी. यवतमाळच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. फळ्यावर नदी काढताना ती उगमापासून सुरुवात करायची आणि समुद्रापर्यंत खडू उचलायची नाही. वाटेत कोणती उपनदी कुठून येऊन मिळते ते तोंडाने सांगत राहायची, आणि मुलं वहीत काढायचं सोडून तिच्या हाताकडेच पाहत बसायची. तिचा आवाज खणखणीत होता. भाऊजी एसटीत ड्रायव्हर, स्वभावाने अबोल. त्या घरात बोलायचं काम ताईचं आणि ऐकायचं काम भाऊजींचं, असा वर्षानुवर्षांचा संसार होता. एकुलती मुलगी पांढरकवड्याला दिलेली.

मग एका हिवाळ्यात ताईला ताप आला आणि तो डोक्यात गेला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. तिने नोकरी सोडली. सगळे नको म्हणत होते, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की वर्गातली पोरं काय विचारतात ते जिला समजत नाही, ती कसली मास्तरीण. त्यानंतर ती हळूहळू बोलायचीच थांबली. आपला आवाज लहान निघतोय की मोठा, हे तिला कळत नसे, आणि समोरचा दचकला की तिला लाज वाटायची. मी गेलो की ती मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. ड्युटीवरून आलेल्या भाऊजींची सावली अंगावर पडेपर्यंत तिला ते आल्याचं कळायचं नाही. इतक्या बोलक्या बाईचं ते गप्प बसणं पाहवत नसे. मी चहा पिऊन लवकर निघायचो.

पुढच्या पावसाळ्यात भाऊजींनी एका मित्राची जीप मागून आणली, ताईला जवळजवळ ओढतच तीत बसवलं आणि आर्णीत मला सोबत घेतलं. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. महागाव गेलं, उमरखेड गेलं, आणि जंगल सुरू झालं. सागाला बहर आला होता. डोंगरांच्या उतारांवर दूरपर्यंत झाडांच्या शेंड्यांवर पिवळट पांढरी फुलं, जणू साऱ्या रानावर कोणी पीठ चाळलं होतं. ताई खिडकीबाहेर पाहत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. पैनगंगा अजून दिसलीही नव्हती आणि आवाज आला. आधी दूरवर ट्रक चालल्यासारखा, मग वाढत वाढत असा, की जीपचं इंजिन ऐकू येईना. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असावं. जिथे आवाजाशिवाय दुसरं काही नाही, तिथे आपण हिला घेऊन आलो.

ज्यांनी सहस्रकुंड भर पावसाळ्यात पाहिलेलं नाही, त्यांना ते सांगणं कठीण आहे. लांबरुंद काळाकभिन्न खडक, ठिकठिकाणी चिरलेला. संथपणे आलेली पैनगंगा त्या खडकावर चढते, फुटते, आणि मग जिथे वाट सापडेल तिथून खाली कोसळते. इथे एक धार, तिथे एक, पलीकडे दहा एकदम. खाली दरीत नुसता धूर. तो धूर वर येतो, अंगावर बसतो, पापण्यांवर बसतो. आपण काही बोलायला तोंड उघडतो आणि आपलाच आवाज आपल्याला येत नाही. मी देवधर्म फारसा मानत नाही, पण तिथे माझे हात आपोआप जोडले गेले.

ताईने चपला काढल्या आणि ती खडकावरून चालत पुढे गेली. अर्ध्यात एकदम थांबली. खाली वाकून तिने तळवा खडकावर टेकवला, मग तोच हात छातीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. आम्ही घाबरून जवळ गेलो. ती वळली. चेहरा सगळा ओला, तुषारांनी की रडण्याने, कोण जाणे. तिचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून मान हलवली. तेव्हा ती हसली... आजारपणानंतर पहिल्यांदा. माझ्या कानाशी तोंड आणून ती ओरडली, "मधू, मले ऐकू येऊन राह्यलं. कानानं नाही. अठून." आणि तिने छातीवर हात आपटला.

परतीच्या वाटेवर ती सारखी बोलत होती. हा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्याचे थर कसे बसले, पाण्याने तो कुठे कापला, कुठे कापता आला नाही... थेट आर्णीपर्यंत. भाऊजी गाडी चालवत होते आणि मधूनच बाहीने डोळे पुसत होते.

तिथून ते सुरू झालं. आधी तिने शेजारणींना नेलं, मग शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना, मग त्यांच्या ओळखीच्यांना. भाऊजी निवृत्त झाल्यावर पावसाळ्यातल्या रविवारी भाड्याची मोठी गाडी निघू लागली. चालवायला भाऊजी, वाट दाखवायला ताई, आणि जमेल तेव्हा सामानसुमान उचलायला आर्णीतून चढणारा मी. येणाऱ्या बहुतेक बाया अशा, की माहेर, सासर आणि दवाखाना यापलीकडे कधी गेलेल्या नाहीत. ताईची पद्धत ठरलेली होती. सांगायचं ते सगळं ती गाडीतच सांगून टाकायची, कारण तिथे पोचल्यावर कोणालाच काही ऐकू येणार नाही. हसून म्हणायची, "तठी सारेच माह्यासारखे." गाडीतून उतरायच्या आधी ती खुणा शिकवायची. एक हात वर, म्हणजे इकडे या. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे, म्हणजे असाल तशा उठा आणि काठावर चला, डबा नाही, चप्पल नाही, काही घ्यायचं नाही. बायांना त्याची गंमत वाटायची. त्या एकमेकींना खुणा करून हसायच्या.

खडकावर ती सगळ्यांना एका ठरावीक उंच जागी धबधब्याकडे तोंड करून बसवायची, आणि स्वतः त्यांच्या आणि कड्याच्या मधे, धबधब्याकडे पाठ करून बसायची. म्हणजे बायांचे चेहरे तिच्यासमोर, आणि त्यांच्यामागून येणारी नदीही तिच्यासमोर. मला वाटायचं, कोणी कड्याकडे जाऊ नये म्हणून ती तशी बसते.

एका वर्षी आर्णीतल्या आमच्याच गल्लीतल्या मंदाकाकू आल्या होत्या. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. दिवसभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत. खडकावर सगळ्यांनी डबे उघडले, तेव्हा त्या हळूच उठून खालच्या अंगाला गेल्या आणि एका लहानशा धारेत पाय सोडून, डोळे मिटून बसल्या. ताईने ते पाहिलं होतं आणि त्यांना परत बोलावण्यासाठी ती उठतही होती. आमच्याकडे ऊन होतं, आभाळ मोकळं होतं. भाऊजी आणि मी काठावर गाडीपाशी होतो. एकाएकी ताई उभी राहिली आणि तिने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. आम्हाला काहीच वेगळं दिसत नव्हतं, आवाज तोच होता. पण बाया उठल्या आणि काठाकडे चालू लागल्या. मग मलाही दिसलं. वरच्या अंगाला नदीचा रंग बदलला होता. करड्या पाण्यामागून चहासारखं लाल पाणी येत होतं, त्यावर काटक्या, पालापाचोळा आणि फेस. वर कुठेतरी मोठा पाऊस झाला असावा.

बाया काठाला लागल्या, पण मंदाकाकू डोळे मिटूनच होत्या. हाका मारून उपयोग नव्हता. ताई खाली उतरली. आम्ही धावलो, पण अंतर बरंच होतं. ताईने काकूंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत, पडत, पुन्हा उठवत वर आणलं. त्यांच्यामागे ती लहानशी धार आधी गुडघाभर झाली, मग दिसेनाशीच झाली. जिथे बाया जेवायला बसल्या होत्या तिथले डबे उचलले गेले आणि कड्यावरून गेले.

आम्ही सगळे काठावरच्या महादेवाच्या देवळाजवळ उंचावर उभे राहून पाहत राहिलो. डोळ्यांदेखत वेगवेगळ्या धारा एकमेकींना मिळत गेल्या. काळा खडक गेला, चिरा गेल्या, आणि या काठापासून त्या काठापर्यंत एकच लाल नदी खाली पडू लागली. पायांखालची जमीन थरथरत होती. इतकं प्रचंड काही मी पूर्वी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहीन असं वाटत नाही. भीती वाटत होती आणि नजर काढवत नव्हती. मंदाकाकूंनी ताईचा हात धरून ठेवला होता.

घरी आल्यावर ताईने जाहीर केलं, की आता बस. कोणाच्या लेकीसुनेचा जीव आपण हातात घ्यायचा नाही. ती पुन्हा मागच्या अंगणात बसू लागली, तेव्हा भाऊजींचा चेहरा उतरला. पण काही दिवसांनी मंदाकाकू एकट्याच एसटीने यवतमाळला गेल्या आणि ताईच्या समोर बसून, ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश एकेक शब्द बोलल्या. भाऊजींनी मला ते नंतर सांगितलं. "बाई, मी तठी मरायले नव्हती बसली. वर्षभरानं मले पहिल्यांदा बरं वाटलं, म्हणून बसली होती. पुढच्या खेपेले मले जवळ बसवजा, पण नेजा." पुढच्या पावसाळ्यात गाडी निघाली, आणि मंदाकाकू तिच्याशेजारी बसल्या.

गेल्या दोनेक वर्षांत तिला दम लागायचा. डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं होतं. या श्रावणातल्या शेवटच्या सहलीला ती माझा हात धरून खडकापर्यंत आली, दोनदा थांबली, आणि नेहमीच्या जागी न बसता बायांमध्ये जाऊन बसली. मला जवळ ओढून माझ्या कानाशी म्हणाली, "आज तू नदीकडे पाह्यजो. मी पडत्या पाण्याकडे पाह्यतो."

मी तिच्या जागी धबधब्याकडे पाठ करून बसलो. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं दर सहलीत, आम्ही सगळे थक्क होऊन जे पाहत होतो ते तिने, पुराचा तो दिवस सोडला तर, पाहिलंच नव्हतं. तिने नदी पाहिली होती, आणि आमचे चेहरे. आता माझ्यासमोर ते चेहरे होते. तोंडं किंचित उघडी, डोळे मोठे झालेले, साठीच्या बाया शाळेतल्या मुलींसारख्या दिसत होत्या. आणि त्यांच्यात ताई... पदर खांद्यावरून घसरलेला, हात छातीवर, पापणी न हलवता माझ्यामागे पाहत असलेली. मला धबधबा दिसत नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावर तो पडताना दिसत होता. एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर माणूस लहान होत नाही, उलट मोठा होतो, असं मला त्या वेळी वाटलं. मग नदीकडे लक्ष ठेवायचंय हे आठवून मी नजर वर नेली.

परत येताना ती थकून सीटवर टेकली होती. आर्णीला मी उतरायला लागलो तेव्हा माझी बाही धरून म्हणाली, "लय दिवसानं पाह्यलं रे. मी तं विसरूनच गेलती, का हे एवढं मोठं हाय." तेच आमचं शेवटचं बोलणं.

परवा यवतमाळला गेलो होतो. मुलगी वडिलांना पांढरकवड्याला चला म्हणतेय, पण भाऊजी अजून तयार नाहीत. त्यांच्या दारावरची घंटा वाजत नाही. ताईला ऐकू येत नाही म्हणून मीच कधीतरी तिची तार फिरवून दिली होती. बाहेर बटण दाबलं, की आत स्वयंपाकघराच्या दारावर एक लाल दिवा लागतो. मी भाऊजींना म्हटलं, की आता दिवा काढून साधी घंटा लावून देतो, सामान सोबतच आणलं आहे. त्यांनी मान हलवली. "राहू दे बापा," म्हणाले. आम्ही दोघं समोरच्या खोलीत चहा घेत बसलो. बाहेर कोणीतरी आलं असावं, कारण बोलता बोलता दिवा लागला. आम्ही दोघांनी तो पाहिला. उठायला हवं होतं, पण दोघंही बशी हातात धरून तसेच बसून राहिलो... स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत, पदराला हात पुसत ती बाहेर येण्याची वाट पाहत.