दुपारचा तास

पनवेलच्या मासळी बाजारात आज कुणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पापलेटं माझ्यापुढे ठेवली, आणि त्या वासाने मला थेट कॉलेजच्या स्टाफरूमच्या दारात नेलं.

मी पहिल्या वर्षाला होते. सगळं शिकवणं इंग्रजीत, मला ओ की ठो कळत नसे. कच्च्या मुलांसाठी आमच्या एका सरांनी जादा तास सुरू केला, पण सकाळी सातला. त्या वेळी मी आईबरोबर बंदरावर लिलावात असायचे. चार तास बुडाले आणि सरांनी माझं नाव काढून टाकलं.

मला न सांगता आई त्यांना भेटायला स्टाफरूमच्या दारात आली, तेव्हा मी वर्गातल्या मुलांबरोबर तिथेच होते. आमच्यात काम घेऊन कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

"सर, पोरीला दुपारचं शिकवा ना. सकाली आमी बंदरावर असतो. ही घ्या, ताजी हायत. नाय बोलू नका."

"बाई, ही लाच झाली. उचला आधी!" सरांनी नाकाला रुमाल लावला. मागे मुलं हसली.

बाजारात मी कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र सरांना एक शब्द बोलले नाही. आईवर ओरडले, "तुला कुणी बोलावलं गं इथे? परत येऊ नको."

"बरं," म्हणत ती पापलेटं पदराखाली घेऊन जिना उतरली.

सरांना मी अजून माफ केलेलं नाही. पण घासाघीस मी आईकडूनच शिकले, आणि तेव्हा ती माझ्यासाठी फक्त एका तासाची घासाघीस करत होती, हे फार उशिरा कळलं. दुपारचा तास काही मिळाला नाही; वर्षाअखेरीस मी कॉलेज सोडलं. तिने का म्हणून विचारलंसुद्धा नाही.