धाकटी नापास

पत्रक लिहिणं मला येतं. वर मोठ्या अक्षरांत अन्याय कोणावर झाला ते. त्याखाली कोणी केला ते. मग मागण्या, आणि सर्वात खाली कुठे जमायचं. बरगी धरणावरच्या मासेमारांसाठी अशी पत्रकं मी लिहिली, गोहलपुरातल्या वर्कशॉपांत काम करणाऱ्या बायकांसाठी लिहिली. ती सगळी हिंदीत. हे मराठीत लिहितेय, कारण गोष्ट घरातली आहे. आणि पत्रक म्हणून ती लिहिताच येत नाही. अन्याय कोणावर झाला ते ठाऊक आहे, माझ्या दादावर झाला. कोणी केला, माहीत नाही. कुठे जमायचं, तेही माहीत नाही.

दादा लग्नाचे फोटो काढायचा. जबलपुरात ते काम म्हणजे वरातीपुढे उलटं चालायचं, डोळ्याला कॅमेरा, खांद्याला बॅग, आणि मागून कोणी ढकलतंय का याचा अंदाज पाठीने घ्यायचा. एका हिवाळ्यात पाठीनेच दगा दिला. मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी लग्नं बंद केली. फार वेळ उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही. दादाला फोटोशिवाय दुसरं काही येत नाही. म्हणून त्याने स्टॉक फोटोंचं काम धरलं. म्हणजे घरी बसून फोटो काढायचे, परदेशातल्या एका एजन्सीच्या वेबसाइटवर चढवायचे, त्यांचा तपासनीस पास-नापास ठरवणार, आणि पास झालेला फोटो तिथे विकायला राहणार. कुणाला जाहिरातीसाठी लागला, कुणाला पुस्तकासाठी लागला की दादाला थोडंफार मिळायचं. थोडंफारच. पण कमरेला पट्टा बांधून, मदन महलच्या आमच्या घरात बसून त्याला करता येईल असं तेवढंच काम होतं.

जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्याची झाली. आईचं थालीपीठ तव्यावरून उतरलं की आधी त्याच्या कॅमेऱ्यासमोर जायचं, मग आमच्या ताटात. वर्षभर आम्ही सगळं गारच खाल्लं.

"अरे, खाऊ दे ना तिला, सभेला जायचंय तिला," आई म्हणायची.

"दोन मिनिट आई, उजेड पळून राहिला. नेताइन जी थांबतील. जनतेसाठी उपाशी राहायची सवय आहे त्यांना."

नेताइन जी म्हणजे मी.

तर तपासणी. वरणभाताचा फोटो परत आला: फोकस चुकला. दादाने तो स्क्रीनवर मोठा करून मला दाखवला. फोडणीतल्या मोहरीचा दाणा न् दाणा मोजता आला असता. त्याने वैतागून तीच फाइल, काही न बदलता, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवली. पास. लिंबाच्या फोडी: उजेड कमी. त्याच लिंबांचा ढगाळ दुपारी काढलेला, त्याहून काळोखा फोटो: पास. लोखंडी कढई: या विषयाला मागणी नाही. तीच कढई, कान दुसऱ्या बाजूला: पास. दादा आधी प्रत्येक नकारातून शिकायचा. फोकस म्हटलं की फोकस सुधारायचा, उजेड म्हटलं की पांढरा पुठ्ठा धरून उजेड वाढवायचा. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की शिकण्यासारखं त्यात काही नाही. शाळेत एखादे मास्तर मारकुटे असतात, पण कशाला मारतात ते पोराला ठाऊक असतं. इथे तेही नव्हतं.

"तपासणारा बदलला की नियम बदलतो?" मी ओरडायची. "मग तो नियम काहून म्हणायचा? लहर आहे ती! आणि यांना विचारणारं कोणी नाही?"

"तू विचार," दादा म्हणायचा. "धरणं दे. माझ्या टेबलाखाली बस."

मग एक दिवस नोटीस आली. तुमच्या नाकारलेल्या फोटोंचं प्रमाण जास्त झालं आहे. पुढच्या फोटोंवर तुमचं खातं चालू ठेवायचं की नाही ते ठरेल. दादाने ती वाचली आणि चहा न पिता बाहेर ओट्यावर जाऊन बसला. खातं बंद म्हणजे काय, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. स्टेशनकडच्या झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढायला माणूस हवा होता. दुकानवाल्याने दादाला आधीच सांगून ठेवलं होतं, "भैया, काम कुछ नहीं है, बस दिन भर खड़े रहना है."

बस, दिवसभर उभं राहायचं. तेवढंच तर त्याला जमत नव्हतं.

दादाने ठरवलं, आता वाट्या-कढया नाहीत. जे त्यांच्याकडे कुणाचंच नसेल ते पाठवायचं. भाद्रपद होता आणि आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पितळेचे मुखवटे आमच्या कुठल्यातरी पणजोबांनी नागपूरहून आणलेले. नाक झिजलेलं, पण डोळे असे की खोलीत कुठेही उभं राहा, तुमच्याकडेच बघतात. साड्या, दागिने, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, पुढे पुरणाचे दिवे.

आईने आधी साफ नाही म्हटलं. मग म्हणाली, "आधी त्या जेवतील, मग तुझा कॅमेरा."

आमच्याकडे नैवेद्य दाखवला की पडदा ओढतात आणि सगळे बाहेर येतात. जेवताना कोणी बघायचं नाही. दादा पडद्याबाहेर कॅमेरा घेऊन उभा, भिंतीला टेकून.

"आई, पुरणाची वाफ गेली तर फोटोत काय राहील?"

"त्यांना घाईघाईत जेवायला सांगू का मी? पाहुण्या आहेत त्या."

पडदा उघडल्यावर वाफ गेली होती, पण मागच्या खिडकीतून दुपारचा उजेड दोघींच्या गालांवर असा पडला होता की आईच म्हणाली, घे रे, घे. सवाष्णी पानांवर बसायच्या आत दादाने फोटो काढले. दोघींच्या एकत्र फोटोत मधली खिडकी पांढरीफट्ट येत होती, तो त्याने स्वतःच बाद केला. मग एकेकीचा वेगळा. जमिनीवर पालथा पडून काढले त्याने ते. उठवायला मी आणि आई दोघी लागलो. त्याच्या इतक्या वर्षांच्या कामातले ते सगळ्यात चांगले फोटो होते, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. मी त्याच्या फोटोंना नावं ठेवणारी बहीण आहे.

निकाल आला तेव्हा आई शेंगा सोलत होती.

"ज्येष्ठा पास," दादा म्हणाला.

"आणि धाकटी?"

दादाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मीच वाचलं. फोटोत ओळखू येईल अशी व्यक्ती आहे. त्या व्यक्तीच्या सहीचं संमतीपत्र जोडा.

आईला कळायला वेळ लागला. मग ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. "अगं बाई! मी करू का सही? सांगेन, पाहुण्या जेवून झोपल्यात म्हणून." दादाही हसला. मी नाही हसले. माझं डोकं तापलं होतं. एकाच साच्यातल्या दोघी बहिणी, तोच उजेड, तोच कॅमेरा, तीच दुपार. एक मूर्ती आणि एक माणूस?

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. ज्येष्ठा पास झाली, बाकीचेही काही पास झाले, नकार थोडे होते. खातं वाचलं असतं. पण आईचं हसणं ओसरलं आणि ती म्हणाली, "मग थोरली एकटीच राहील का रे तिथे?"

"आई, फोटो आहे तो."

"ते कळतंय मला. पण एकटी नाही बसवत त्यांना. कधीच नाही. तुझ्या आजोबांच्या वेळी एक मुखवटा पडून चेपला, तर ठोकून घेईपर्यंत दुसरीलाही बाहेर नव्हतं काढलं."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं तो म्हणेल, आईला समजाव. मी म्हणाले, "पाठव पुन्हा. बरोबर आहे आईचं." मला थोरलीच्या एकटेपणापेक्षा एजन्सीचा राग जास्त होता, पण घरात तेव्हा ठराव एकमताने पास झाला.

दादाने धाकटीचा फोटो पुन्हा पाठवला. सोबत टीप: ही व्यक्ती नाही, पितळी मुखवटा आहे. उत्तर आलं: मग ही कलाकृती आहे, कलाकाराची लेखी संमती जोडा.

"कोणी केला होता गं मुखवटा?" दादाने आईला विचारलं.

"नागपूरचा कोणी तांबट असेल. काहून?"

"सही पाहिजे त्याची."

आता मात्र कोणी हसलं नाही. थोरलीसाठी ना व्यक्तीची सही मागितली होती, ना तांबटाची. ती निवांत पास होऊन बसली होती.

मग मी माझं हत्यार काढलं. निवेदन लिहिलं. दादा इंग्रजी करत गेला, मी सांगत गेले. सन्माननीय महोदय वगैरे नाही, सरळ. आपल्या तपासणीत एकाच वस्तूला दोन न्याय लावले जातात. पुरावा क्रमांक एक, पुरावा क्रमांक दोन. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे. ते सगळं दादाने त्यांच्या चौकटीत चिकटवलं तर चौकटीने अर्धं गिळलं. अक्षरांची मर्यादा. माझं निवेदन 'आमच्या मागण्या' या शब्दांवर संपलं, मागणी एकही नाही. तसंच गेलं ते. आणि उत्तर आलं लगेच, दादाचा हात माऊसवरून उठायच्या आत. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभार.

कलेक्टर ऑफिसात निवेदन द्यायला जातो तेव्हा काय होतं, सांगते. गेटवर पोलीस असतो, तो अडवतो. आम्ही ओरडतो. मग कोणी बाबू येतो, कंटाळलेला, कागद घेतो, आवकचा शिक्का मारतो. पुढे काही होत नाही, पुष्कळदा होत नाही. पण त्या बाबूने माझा कागद हातात घेतलेला असतो, त्याला माझा चेहरा दिसलेला असतो, आणि पुढच्या वेळी तो मला बघून "फिर आ गईं दीदी?" म्हणतो. ते 'फिर' मला किती मोलाचं होतं ते मला दादाच्या टेबलाशी बसून कळलं. इथे गेटच नव्हतं. आत माणूस आहे की मशीन, एवढंही कोणी सांगत नव्हतं. फोटोवाल्यांच्या एका चर्चागटावर दादा बसून वाचायचा. जगभरचे लोक हेच लिहीत होते, काल पास आज नापास, कारण भलतंच. कोणी शिव्या देत होतं, कोणी टिपा. अख्खा गट रडणारा आणि ज्याच्याकडे रडायचं तो कोणालाच न दिसलेला. मी म्हटलं, "सगळे मिळून एक दिवस फोटो पाठवणं बंद करा ना!" दादा म्हणाला, "त्यांना कळणारही नाही यार. त्यांच्याकडे इतके आहेत."

त्याने धाकटीचा फोटो शेवटचा एकदा पाठवला. या वेळी चेहरा ओळखू येऊ नये म्हणून मान आणि डोळे कापून. बघवत नव्हता. उत्तर: हा फोटो पूर्वी नाकारला आहे, वारंवार पाठवणं नियमाविरुद्ध आहे. आणि आम्हाला जे माहीत नव्हतं ते त्याखाली होतं. पुन्हा पाठवलेला प्रत्येक फोटो नवा नकार म्हणून मोजला जातो. खातं बंद.

दादा बराच वेळ पासवर्ड टाकत राहिला. मग त्याने पांढरा पुठ्ठा दुमडून कपाटामागे सारला आणि टेबल भिंतीला लावलं. त्या दिवशी थालीपीठ गरम मिळालं.

आता तो झेरॉक्सच्या दुकानात असतो. दिवसभर उभा. तिथेही गंमत अशी की लोक फोटो घेऊन परत येतात, "भैया, पोर्टल ने रिजेक्ट कर दिया, बैकग्राउंड सफ़ेद नहीं है." दादा त्यांना तोच फोटो पुन्हा चढवायला सांगतो. कधी कधी पास होतो. संध्याकाळी घरी येतो तो आधी जमिनीवर आडवा होतो, चप्पल काढायलाही वाकत नाही. मी काढते.

या वर्षी महालक्ष्म्या बसल्या तेव्हा दादाने कॅमेरा बाहेर काढला नाही. विसर्जनाच्या दिवशी आईने दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता टाकल्या, दोघींचे मुखवटे रीतीप्रमाणे जागचे हलवले. मुखवटा हलवला की त्या निघाल्या. मग मऊ कापडात गुंडाळून ठेवायच्या.

आई कापड हातात घेऊन थांबली. "ती तिकडची?"

दादाला कळलं. मलाही. "आहे तिथेच," तो म्हणाला.

"गेल्या वर्षापासून?"

"हो."

"काढता नाही येत?"

"खातं बंद आहे ना आई. आत जाता येत नाही. त्यांच्याकडे विकायला आहे ती."

"म्हणजे तिचं विसर्जनच नाही झालं," आई म्हणाली. "आणि एकटी." मग माझ्याकडे वळली. "तू दाखव. तुझ्या फोनवर दिसेल का?"

शोधल्यावर दिसली. थोरली, गालावर तो उजेड, आणि चेहऱ्यावरून तिरपं गेलेलं एजन्सीचं नाव. आईने फोन पाटावर ठेवला. दह्याचं बोट पुसलं, अक्षता घेतल्या, वाहिल्या. दोन दाणे काचेवर राहिले, बाकी घरंगळले. मग तिने फोन दोन्ही हातांनी धरून जागचा जरा हलवला.

आम्ही तिघं बघत राहिलो. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप काळी झाली.

"गेली?" आईने विचारलं.

दादा भिंत धरून हळूहळू खाली बसला, फोन उचलला, अक्षता तळहातावर घेतल्या.

"गेली," तो म्हणाला. त्याचा अंगठा काचेला लागला आणि ती पुन्हा उजळली.