दादाची जॅझ-रॉकची रेकॉर्ड

दादाची ती रेकॉर्ड मला कधीच आवडली नाही. जॅझ-रॉक म्हणे. नुसती धावपळ. कुणाला कशाची घाई आहे कळत नाही, आणि ऐकता ऐकता मलाच उठून येरझारा घालाव्याशा वाटतात. गाणारं कुणी नाहीच. इलेक्ट्रिक पियानो खालून बुडबुडत राहतो आणि त्याच्यावर व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, टिणटिणत फिरतं. तरुणपणी जालन्याच्या एका भंगारवाल्याकडून दादानं ती फाटक्या कव्हरासकट उचलून आणली. त्याचा सगळा जीव त्या टिणटिणीत. मिलमधून आला की चहाच्या आधी रेकॉर्ड.

लोखंडी सळ्यांच्या मिलमध्ये त्यानं उभा जन्म काढला. तिथल्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. ती सवय त्यानं घरी आणली आणि आम्हा सगळ्यांना लावली. अंगठा ओठाला नेला की पाणी, मूठ फिरवली की चहा. आम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची. पण त्या सवयीनंच आमचा घात केला. दादाला ऐकू येईनासं होतंय, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मला शंका आली ती यंदाच्या दिवाळीत. मी मंठ्याहून माहेरी आले होते. पाठीमागून हाक मारली, तर हा ढिम्म. कान तपासून घे म्हणाले, तर माझ्यावरच चिडला. वहिनी म्हणाली, ते पहिल्यापासून असेच. मंठ्याला परतले, पण जिवाला चैन नाही. रोज फोन करायचे, आणि रोज तो वहिनीच उचलायची. शेवटी परवाच्या रविवारी पुन्हा एसटीत बसले. आल्या आल्या त्याला खुणेनं सांगितलं, तुझी रेकॉर्ड लाव. तो एकदम खूश झाला.

सुई टेकली. दादा डोळे मिटून मान हलवू लागला. मी खुर्चीच्या कडेवर, पाय हलवत. थोड्या वेळानं टिणटिण सुरू झाली, चांगली खणखणीत. दादानं डोळे उघडले.

"रेकॉर्ड घासली गं," तो म्हणाला. "पियानो बराबर हाय, पण ते टिणटिण बिलकुल न्हाई राह्यलं."

हो म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मग तो डॉक्टरकडे कधीच गेला नसता. मी त्याच्यासमोर वाकले आणि सावकाश म्हणाले, "रेकॉर्ड चांगली हाय, दादा."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला रडू यायला लागलं.

"आत्ताबी वाजून राह्यलं का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली आणि सुई उचलायला उठले. त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू दे. मंग तू सांग, कसं वाजून राह्यलं ते."

मी तोंड उघडलं. मला सगळं ऐकू येत होतं, पण सांगता काही येईना.