स्वयंपाकघराची किल्ली

स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप होतं. आई भिजवलेल्या तांदळाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून उभी होती. हॉलमध्ये ताईच्या साखरपुड्याचं स्टेज सजलं होतं. नवरदेवाकडची माणसं सिकंदराबाद स्टेशनवर उतरली होती, बाबा त्यांना आणायला गेले होते.

मराठी मंडळाचे सचिव खुर्चीवरून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"हॉल तुमचाच आहे, पोरी. स्वयंपाकघर तेवढं राहू दे. देवाचा नैवेद्य होतो तिथं. तुम्ही बाहेरून शिजवून आणा."

आम्ही मातंग. आजोबा नांदेडकडून इथे रेल्वेत झाडूकामाला आले. बाबा रेल्वेतच कारकून होऊन निवृत्त झाले. मी आबिड्सला एका वकिलाकडे टायपिंग करते. सचिवांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांना 'मातंग' एवढा एक शब्द पुरेसा होता.

हॉल मंडळाचा नाही. पालिकेचा आहे. आमच्या वॉर्डात तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारे राहतात. भांडणं नकोत म्हणून पालिकेने तिघांना तीन हॉल बांधून दिले आणि किल्ल्या त्या त्या समाजाच्या मंडळाकडे सोपवल्या. उद्घाटनाला तिन्ही भाषांत भाषणं झाली. टाळ्या आम्हीही वाजवल्या.

वॉर्ड ऑफिस समोरच होतं. मी गेले. अधिकारी तेलुगू, सभ्य माणूस. बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं.

"अम्मा, ये आप लोगां का आपस का मामला है. हम बीच में पडे तो मराठी लोगां में दखल दे रै बोलते."

मी तेलुगू हॉलचं विचारलं. ते म्हणाले, तुमचा हॉल आहे ना.

पालिकेसाठी आम्ही मराठी. मराठी मंडळासाठी मांग. तिसरं दार नव्हतं.

परत आले तोवर आईने तांदूळ शेजारच्या खालांच्या घरी शिजायला टाकला होता. "आज गप्प राहा," ती म्हणाली. "सोयरीक मोडेल." मी गप्प राहिले. पाहुणे जेवले. भात मोकळा झालाय म्हणाले.

शेवटी शाल आणि नारळ. हॉल वापरला की सचिवांचा सत्कार करायचा, ही मंडळाची रीत. शालही आपणच आणायची. ताट माझ्या हातात आलं. सचिव पुढे आले. शाल घ्यायला त्यांनी मान थोडी वाकवली.

मी शाल उचलली नाही.

"काका, आधी स्वयंपाकघर उघडा."

आईने मागून माझी ओढणी खेचली. नवरदेवाचे वडील जमिनीकडे बघू लागले.

"समाजाचा नियम आहे तो," सचिव म्हणाले.

"कुठल्या समाजाचा?"

सचिवांनी वाकवलेली मान सरळ केली. मी ताट खुर्चीवर ठेवलं. ताई स्टेजवर रडत होती. अजून ती माझ्याशी धड बोलत नाही.

सोयरीक मोडली नाही. कुलूपही निघालं नाही.

मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. किल्ल्या पालिकेने स्वतःकडे ठेवाव्यात. नियम पालिकेने करावा, सगळ्या हॉलना एकच, आणि तो दारावर तिन्ही भाषांत लिहावा. अधिकारी दर खेपेला "देखते" म्हणतात आणि खुर्ची पुढे करतात. मी आता बसत नाही.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलंय. आई म्हणते, या वेळी भाड्याचा फंक्शन हॉल घेऊ, कशाला कटकट.

नाही. याच हॉलमध्ये होईल. भात आत शिजेल.