पाणी घातलं की उजळणारा दिवा

गेल्या रविवारी दुपारी खर्ड्याला मावशीकडे गेलो होतो. तिथे जे पाहिलं, त्याने भर उन्हातही अंगावर काटा आला...

मावशीने बादली उचलली आणि अंगणात ठोकलेल्या लोखंडी पहारीच्या बुडाशी पाणी ओतलं. घरातला मिणमिणता दिवा सावकाश उजळला. मातीखालून कुणीतरी ते पाणी प्यायल्यासारखा...

"रोज पाजावं लागतं बघ," ती म्हणाली. "पन म्हस तिकडं पाऊल टाकंना. तुजे काका म्हनत्यात, जागाच वंगाळ हाय."

खांबावरून येणारी न्यूट्रलची, म्हणजे विजेच्या परतीची तार तुटली होती. काकांनी पहार ठोकून जमिनीलाच न्यूट्रल करून घेतलं होतं. आमच्या कोरड्या भागात हा उपाय अनेकांना तोंडपाठ आहे. "दिवा लागतोय न्हवं? मग झालं!" काका म्हणाले.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्या गाडीत होता. दिव्याचं हे गूढ पडद्यावर बघण्याचा मोह मला आवरेना.

इथे जरा थांबून समजावतो. घरातल्या विजेचा २३० व्होल्ट हा आकडा सरासरीसारखा आहे. लाटेचा माथा सव्वातीनशेपर्यंत चढतो. माझ्या स्कोपची मर्यादा तीनशे! म्हणून एवढा दाब सोसणारा आणि तो दहापट कमी करून आत पाठवणारा प्रोब, म्हणजे तारेला टेकवायची मापनाची सुई, लागतो.

प्रोबची छोटी काळी क्लिप आतून थेट प्लगच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या पिनेला जोडलेली असते. ती फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या जिवंत तारेला टेकली तर तिथेच भडका! म्हणून दोन प्रोब वापरायचे, क्लिपा कुठेच लावायच्या नाहीत आणि दोन्ही लाटांची वजाबाकी स्कोपकडून करून घ्यायची.

पण ही सगळी शिस्त एका विश्वासावर उभी आहे... तिसरी पिन निर्धोक असते, या विश्वासावर. स्कोप गाडीतून आणण्याआधी मी सवयीने सॉकेटच्या तिसऱ्या भोकात टेस्टर घातला.

टेस्टर पेटला.

घराच्या अर्थिंगची तारही त्याच पहारीला बांधलेली होती. दिव्यातून, फ्रिजमधून परतणारी वीज कोरड्या मातीत नीट उतरत नव्हती; पाणी घातलं की थोडी जास्त उतरायची आणि दिवा उजळायचा. पहार आणि भोवतालची ओल, दोन्ही जिवंत झाली होती. प्लग लावला असता तर स्कोपचे धातूचे भागही.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मावशी दुसरी बादली घेऊन त्याच ओलीत उभी होती... अनवाणी.

"मावशी, पायाला काही होतंय का गं?"

"मुंग्या येत्यात की. वय झालं आता!"

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. "आरं, दिवा घालवलास की!" ती ओरडली. मी सगळं समजावलं, तसे काका पहारीकडे बघत राहिले. "म्हंजी म्हशीला कळत हुतं... अन् आमाला न्हाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वायरमनने तार जोडली आणि पहार सोडवून अर्थिंग वेगळं केलं. स्कोप मी गाडीतून काढलाच नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी आम्ही मेणबत्तीच्या उजेडात जेवलो. मावशी चुलीपासून ताटांपर्यंत येत-जात भाकरी वाढत होती आणि मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत होतो... याहून मोठं देणं मला ठाऊक नाही.